चांगल्या दिवसाला ब्रेक

मागून हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. घर गुलमंडीत आहे आणि खाली मार्केट फुल चालू आहे.

आज जरा स्वतःबद्दल. मला बायपोलर आहे, निदान होऊन 4 वर्षं झाली. लोकांना वाटतं, त्रास म्हणजे अंथरुणातून उठवत नाही ते दिवस. ते तर आहेतच. पण माझा खरा घोळ चांगल्या दिवसांनी केला.

आठवडाभर पडून राहिलो की एखाद्या दिवशी डोकं मोकळं व्हायचं. मग मी काय करायचो? ऑफिसची साचलेली सगळी तिकिटं एका दिवसात बंद. पैठण गेटपर्यंत दोन चकरा, आईसोबत सुपारी हनुमान, रात्री जिम, वर 3 वाजेपर्यंत लॅपटॉप. आई खूश, "बरा झाला माझा लेक!" दोन दिवसांनी एकतर पुन्हा आडवा, नाहीतर झोपच गायब आणि डोकं सुसाट. बायपोलरमध्ये झोप मोडली की मॅनियाला दारच उघडं.

अमेरिकेतल्या एलेन फ्रँक यांनी यावर एक थेरपी बसवलीय. त्यात रोज पाच वेळा नोंदवायच्या: कधी उठलो, पहिलं माणूस कधी भेटलं, काम कधी सुरू केलं, रात्री कधी जेवलो, कधी झोपलो. किती काम उरकलं, हे विचारतच नाहीत! इंजिनीअर माणसाला हे पचायला जड गेलं, खरं सांगतो.

आता चांगल्या दिवशी दोनच तिकिटं, एकच चक्कर. वाईट दिवशी निदान खाली उतरून चहा, म्हणजे पहिलं माणूस भेटलं. गोळ्या चालूच. मी लिथियमवर आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम जाऊन पाणी कमी पडलं तर रक्तातलं लिथियम वाढतं, म्हणून चक्कर सकाळी लवकर, बाटली सोबत.

मागच्या महिन्यात चुलतभावाच्या हळदीतून 10 लाच निघालो. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढा कसला थकतो रे?" आई पटकन बोलली, "भाऊजी, त्याची झोपायची वेळ झाली." अठ्ठावीस वर्षांच्या घोड्याबद्दल! सगळे हसले, मीपण. पण पहिल्यांदाच ती "बरा झालास ना आता?" असं म्हणाली नव्हती.

कुणाला बोलायचं असेल तर टेली मानस, 14416. फोन फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

चला, साडेआठ झाले. आईने ताट वाढलंय.