बरं वाटतंय, मग गोळी कशाला?

देवरी, सालेकसाहून औषधासाठी गोंदियाला जायचं म्हणजे त्या दिवसाची रोजी बुडते. त्यात रोवणीचे दिवस. मग वाटतं, ‘बरा तर आहे, राहू दे गोळी.’ घात इथंच होतो.

एचआयव्ही आपल्या सीडी-४ पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढतो. रोजच्या ‘टीएलडी’ गोळीत तीन औषधं असतात. टेनोफोविर आणि लॅमिव्युडिन ती नक्कल अर्ध्यातच तोडतात, डोल्युटेग्राविर विषाणूला आपल्या डीएनएत घुसू देत नाही. पण लपलेला विषाणू मरत नाही. गोळी थांबली की तो पुन्हा वाढतो. सारखे खाडे झाले, तर औषधालाही जुमानत नाही.

त्रास होतो का? सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, झोपमोड होऊ शकते. बहुतेकांची काही आठवड्यांत कमी होते. वजन वाढू शकतं. क्वचित किडनीवर परिणाम होतो, म्हणून तपासणी चुकवू नका. लोह, कॅल्शियम किंवा अ‍ॅसिडिटीचं औषध घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. पण मनानं गोळी बंद करू नका.

२००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत एचआयव्हीचं औषध मोफत मिळतं. नियमित घेऊन व्हायरल लोड तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. शंका आहे? १०९७ लावा, फोन फुकट आहे.