किल्ली कोणाच्या हाती?



फेब्रुवारी २०१२ मधील एक प्रसंग संगणक क्षेत्रात बराच गाजला. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या मुलीने शाळेतून घरी फोन केला. शाळेचा प्रिंटर तिला आपल्या लॅपटॉपला जोडायचा होता. परंतु प्रशासकाचा, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याचा, परवलीचा शब्द दिल्याशिवाय प्रणाली ते करू देत नव्हती. त्याआधी कित्येक आठवडे टोरवाल्ड्स त्या वितरणाच्या चालकांशी वाद घालत होते. नवे वाय-फाय जोडायला किंवा प्रवासात घड्याळाचा कालविभाग बदलायला प्रशासकाची परवानगी कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. मुलीच्या फोननंतर मात्र त्यांचा संयम सुटला आणि अत्यंत कडक शब्दांत त्यांनी आपला संताप जाहीर केला.

ज्याने प्रणालीचा गाभा १९९१ मध्ये घडवला, त्याच्याच घरातील मुलीला तिच्या दाराशी अडून राहावे लागले. हा केवळ तंत्रज्ञांचा वाद मानून सोडून देता येणार नाही. अधिकार कोणाला द्यायचा, किती द्यायचा आणि कोणत्या मर्यादेत, हा प्रत्येक व्यवस्थेपुढचा जुनाच प्रश्न येथे नव्या वेषात उभा आहे.

एका स्वामीची परंपरा

या कडक शिस्तीचे मूळ १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्स प्रणालीत आहे. त्या काळी संगणक महाग होता. एका यंत्रावर अनेक जण एकाच वेळी काम करीत. एकाने दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करू नये म्हणून प्रत्येक फाइलीला मालक, गट आणि इतर अशा तीन पायऱ्यांचे अधिकार ठरवून दिले गेले. या सर्वांच्या वर एक सर्वाधिकारी असे, त्याचे नाव ‘रूट’. युनिक्सची खासियत अशी की, यंत्राला जोडलेली बहुतेक उपकरणेही तिच्यात फाइलीच्याच रूपाने दिसतात. त्यामुळे एखाद्या उपकरणाची मांडणी बदलणे म्हणजे एखाद्या फाइलीत लिहिणे, आणि तेथे लिहिण्याचा हक्क बहुधा रूटचाच.

यंत्र सामाईक होते तोवर हे योग्यच होते. पुढे संगणक घरात आला, मांडीवर आला. नियम मात्र तेच राहिले. पडद्याचा उजेड कमी करायचा असला तरी ज्या फाइलीत तो आकडा लिहायचा, ती रूटच्या मालकीची. परिणाम काय झाला? कंटाळलेला माणूस कायमच रूट होऊन काम करू लागला, किंवा परवलीचा शब्द कागदावर लिहून यंत्रालाच चिकटवू लागला. शिस्त अवास्तव झाली की तिच्यातूनच बेशिस्त जन्माला येते, हा अनुभव संघटनेत काम करणाऱ्या कोणालाही नवा नाही.

गडाची व्यवस्था

यावर वेगवेगळ्या काळात वेगवेगळे उपाय निघाले. युनिक्सचे एक निर्माते डेनिस रिची यांनी अशी युक्ती योजली की, एखादा ठरावीक प्रोग्राम चालवणारा कोणीही असो, तो प्रोग्राम मालकाच्या अधिकाराने चालावा. १९८० च्या सुमारास ‘सूडो’ ही आज्ञा आली. तिच्यामुळे विश्वासातील माणसाला रूटचा परवलीचा शब्द न सांगताही नेमके काम सोपवता येऊ लागले. दुसरा उपाय गटांचा. ध्वनी, प्रिंटर, मोडेम अशा उपकरणांसाठी स्वतंत्र गट करायचे आणि गटात असेल त्यालाच ते उपकरण वापरू द्यायचे.

शिवछत्रपतींच्या गडांवरील व्यवस्था येथे आठवल्यावाचून राहत नाही. गडावर हवालदार असे, सबनीस असे, कारखानीस असे. किल्ल्या, हिशेब आणि कोठार ही कामे वेगवेगळ्या हाती वाटलेली होती. सारा गड कोणा एकाच्या मर्जीवर राहू नये आणि कोणाचे काम मात्र अडू नये, असा तो विचार होता.

गटांच्या उपायात मात्र एक उणीव होती. गटातला माणूस यंत्रासमोर नसतानाही त्याचा अधिकार कायम राही. ध्वनीच्या गटातील कोणी दूरवरून त्याच यंत्रात शिरला, तर यंत्रासमोर बसलेल्याचे बोलणे मायक्रोफोनमधून तो ऐकू शके. म्हणून पुढे अधिकार व्यक्तीऐवजी आसनाला जोडण्याची कल्पना रुजली. जो या क्षणी प्रत्यक्ष यंत्रासमोर बसला आहे, त्याला ध्वनी आणि कॅमेरा यांसारखी उपकरणे आपोआप मिळावीत. तो उठून दुसरा बसला की ती दुसऱ्याकडे जावीत. जोडीला ‘पोलकिट’ नावाचा मध्यस्थ आला. सामान्य माणसाने विनंती करायची, मध्यस्थाने नियम पाहायचा आणि प्रत्यक्ष बदल अधिकार असलेल्या सेवेने करायचा. पडद्याच्या उजेडासाठी अशी रीतसर सोय ‘सिस्टीमडी’ या व्यवस्थेत २०१९ मध्ये झाली. उजेडाची फाइल आजही रूटचीच आहे. पण समोर बसलेल्या माणसासाठी तेवढी एक खिडकी उघडली आहे. तिच्यातून हात घालून तो दुसरे काही हलवू शकत नाही.

सैलपणाचे मोल

मग सगळेच मोकळे का करू नये, असे कोणी विचारील. नोव्हेंबर २००९ मध्ये फेडोरा या वितरणाच्या बाराव्या आवृत्तीत तसा एक प्रयोग झाला. यंत्रासमोर बसलेल्या कोणाही वापरकर्त्याला, प्रशासकाला न विचारता, अधिकृत भांडारातील नवे सॉफ्टवेअर बसवण्याची मुभा देण्यात आली. सामाईक यंत्रे सांभाळणाऱ्यांनी तीव्र आक्षेप घेतला आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. हेतू चांगला होता. परंतु घरचे यंत्र आणि संस्थेचे यंत्र यांतील भेद विसरला गेला होता.

दुसरा धडा अधिक गंभीर आहे. पोलकिटसोबत येणाऱ्या ‘पीकेएक्झेक’ या साधनात मे २००९ पासून असलेला एक दोष जानेवारी २०२२ मध्ये उघडकीला आला. त्याचा फायदा घेऊन कोणीही सामान्य वापरकर्ता थेट रूट होऊ शकत होता. सूडोमधील असाच एक दोष २०११ पासून दडून होता. तो जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाला. हे सारे लेखन जगापुढे उघडे होते, तरी दहा-बारा वर्षे ते कोणाच्या नजरेला आले नाही. ग्रंथ उघडा ठेवला म्हणजे तो वाचला जातोच असे नाही. वाचणारेही घडवावे लागतात.

आणि काही जागा अशा असतात की तेथे राजालाही थांबवणे हिताचे असते. २०१६ मध्ये असे आढळले की, काही लॅपटॉपवर रूटने चुकून एक पुसण्याची आज्ञा दिली तर यंत्राच्या फर्मवेअरमधील नोंदीही पुसल्या जात आणि यंत्र पुन्हा सुरूच होत नसे. तेव्हा लिनक्सच्या गाभ्यातच बदल करून त्यातील बहुतेक नोंदींना कुलूप घालण्यात आले.

या सर्वांतून एक साधी कसोटी निघते. चूक झाली तर ती कोणाला भोवेल आणि ती सुधारता येईल का? उजेड, आवाज, वाय-फाय, प्रिंटर यांत चूक झाली तर ती समोर बसलेल्यालाच भोवते आणि क्षणात सुधारते. तेथे परवानगी मागायला लावणे हा अपमान आहे. डिस्कचे विभाग, फर्मवेअर, दुसऱ्याच्या फाइली यांत चूक झाली तर ती इतरांना भोवते किंवा कायमची राहते. तेथे मोकळीक देणे हा बेजबाबदारपणा आहे. कालविभाग बदलला तर बहुधा केवळ दिसणारी वेळ बदलते. मूळ घड्याळच फिरवले तर साऱ्या नोंदींचा क्रम बिघडतो. दोन्ही गोष्टी एकाच कुलपात ठेवणे हा आळस झाला.

स्वदेशीची पुढची पायरी

आपल्या देशात या विषयाला आणखी एक पदर आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनच्या आधारावर, भारतीय भाषांसह, ‘बॉस’ ही प्रणाली प्रसृत केली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. केरळच्या सरकारी शाळांनी तर कितीतरी आधीपासून मुक्त प्रणाली वापरली आहे; राजकीय मतभेद बाजूला ठेवून त्या प्रयत्नाला दाद दिली पाहिजे.

परंतु प्रणाली मुक्त असली म्हणजे वापरणारा मुक्त झाला असे नाही. एखाद्या शाळेत उत्साही तरुण दहा यंत्रांवर मुक्त प्रणाली बसवून देतात आणि परवलीचा शब्द स्वतःजवळ ठेवून निघून जातात. महिन्याभराने प्रिंटर बदलतो. शिक्षिकेला तो जोडता येत नाही, तरुणांचा फोन लागत नाही आणि आठवड्याभरात त्या यंत्रांवर पुन्हा चोरीची विदेशी प्रणाली चढते. दोष शिक्षिकेचा नव्हे. तिच्या हाती किल्ली न देणाऱ्यांचा आहे. अशाने परावलंबन संपत नाही, फक्त त्याचा पत्ता बदलतो.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांत एकात्म मानववाद मांडला. त्या विचारात विकेंद्रीकरणाला मोठे स्थान आहे. निर्णय जेथे लागू होतो, तेथल्या माणसाला तो घेता आला पाहिजे. संगणकाच्या बाबतीत त्याचा अर्थ सरळ आहे. यंत्र बसवणाऱ्याने सर्वाधिकाराचा शब्द संस्थेच्या जबाबदार व्यक्तीकडे लेखी सोपवावा. शिक्षकांना प्रिंटर व जोडणी यांचे अधिकार रीतसर द्यावेत. विद्यार्थ्यांना रोजच्या वापराच्या कळा मोकळ्या असाव्यात आणि बाकीचे दार बंद का आहे, हे त्यांना समजावून सांगावे. त्यांतील दोघे-चौघे जरी पुढे ते उघडे लेखन वाचायला बसले, तरी दहा-बारा वर्षे लपून राहणाऱ्या एखाद्या दोषावर कदाचित आपल्याच मुला-मुलींचे बोट प्रथम पडेल.

ज्यांनी आजवर शाळांत, वसतिगृहांत, कार्यालयांत मुक्त प्रणाली बसवून दिली, त्यांनी या सुट्टीत तेथे पुन्हा एक फेरी मारावी. यंत्र चालू आहे का, एवढेच विचारून परतू नये. यंत्रासमोर रोज बसणाऱ्या व्यक्तीला प्रिंटर स्वतः जोडून दाखवायला सांगावे. तो जोडला गेला, तर तेथील काम पूर्ण झाले असे समजावे.