मूत्रपिंड जुळवणारी प्रयोगशाळा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘आपापल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोला’ असं संयोजकांनी कळवलं तेव्हा मला जरा धडकीच भरली. सॉफ्टवेअरवाले काम सांगायला लागले की समोरचे हळूच मोबाईल काढतात. पण मी ज्या प्रयोगशाळेसाठी सॉफ्टवेअर लिहिते, तिथलं काम ऐकण्यासारखं आहे. अवयव देणारा आणि घेणारा यांचं जमेल की नाही, हे तिथे तपासतात. मी स्वतः टेक्निशियन नाही. पण प्रोग्राम लिहायचा म्हणून चार महिने तिथल्या टेक्निशियन ताईंच्या शेजारी स्टूल टाकून बसले होते, त्यातल्या बऱ्याच रात्री. आजही काही बदलायचं असलं की आधी तिथे जाऊन बसते.

रक्तगट आपल्या सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या पुढची गोष्ट म्हणजे एचएलए. शरीरातल्या बहुतेक पेशींवर ही प्रथिनं असतात, पेशीच्या दारावरच्या पाटीसारखी. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी बसलेली असतात, म्हणून सहसा एक गठ्ठा आईकडून येतो आणि एक वडिलांकडून. बाई, तुम्ही मेंडेलचे वाटाणे शिकवताना फळ्यावर चार घरांचा चौकोन काढायचात, तोच इथे कामी येतो. सख्ख्या भावंडांचे दोन्ही गठ्ठे जुळण्याची शक्यता चारात एक, एकच जुळण्याची चारात दोन, आणि काहीच न जुळण्याची चारात एक. ‘सख्खा भाऊ आहे, जुळणारच’ म्हणून येणाऱ्या घरांना हा चौकोन समजावणं अवघड जातं. आईवडील मात्र मुलाशी कायम अर्धे जुळतात.

आता औषधं इतकी सुधारली आहेत की कमी जुळलं तरी मूत्रपिंड चालतं. खरी भीती वेगळी असते. घेणाऱ्याच्या रक्तात देणाऱ्याच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडं आधीच तयार असतील, तर नवं मूत्रपिंड काही मिनिटांत किंवा तासांत टेबलावरच काळंनिळं पडू शकतं. ते आधी ओळखायची तपासणी म्हणजे क्रॉसमॅच. देणाऱ्याच्या लिम्फोसाइट पेशी घ्यायच्या, त्यात घेणाऱ्याचं सीरम घालायचं, मग सशाच्या रक्तातून काढलेलं कॉम्प्लिमेंट घालायचं आणि थांबायचं. प्रतिपिंडं असतील तर पेशी मरतात. मग रंग टाकायचा. जिवंत पेशी रंग आत घेत नाही, मेलेली घेते. सूक्ष्मदर्शकाखाली किती मेल्या ते पाहायचं.

हे ज्या छोट्याशा ट्रेमध्ये करतात तिला तेरासाकी ट्रे म्हणतात. तळहातावर मावते, साठ किंवा बहात्तर खळगे, प्रत्येकात सीरमचा एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. वाळू नये म्हणून वर तेलाचा थेंब. पॉल तेरासाकी हे अमेरिकेत जन्मलेले जपानी वंशाचे संशोधक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तिथल्या जपानी कुटुंबांना छावण्यांत ठेवलं, त्यात हा मुलगा होता. पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्याने १९६४ साली ही थेंबभर रक्ताची पद्धत काढली. १९६९ साली पटेल आणि तेरासाकी यांनी एक लेख लिहिला. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असूनही मूत्रपिंड बसवलेल्या ३० रुग्णांपैकी २४ जणांचं ते लगेच बंद पडलं होतं. निगेटिव्ह असलेल्या १९५ जणांपैकी फक्त ८ जणांचं. त्यानंतर क्रॉसमॅच न करता मूत्रपिंड बसवायला कुणी धजावेना. लेखकांत पटेल आडनाव बघून मला उगाच बरं वाटलं होतं.

ट्रे वाचून ताई आकडे सांगायच्या आणि मी लिहून घ्यायचे. एक, एक, दोन, एक, आठ. मी विचारलं, तीन, पाच, सात का येत नाहीत? तर त्या म्हणाल्या, ते नसतातच. १ म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत पेशी मेल्या, निगेटिव्ह. २ म्हणजे वीसपर्यंत, शंका. मग ४, ६, आणि ८ म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या वर. ‘आणि शून्य?’ त्या म्हणाल्या, ‘शून्य म्हणजे वाचता आलं नाही.’ आमच्या धंद्यात रिकामी जागा दिसली की प्रोग्रामर तिथे शून्य घालून मोकळा होतो, आणि शून्य म्हणजे काही नाही, सगळं ठीक. इथे ते ‘परत करा’ आहे. म्हणून आमच्या प्रोग्राममध्ये तो रकाना आपोआप कधीच भरला जात नाही. बोट उचलून कुणीतरी दाबावं लागतं, आणि दुसऱ्या माणसाने ट्रे स्वतंत्र वाचून तोच आकडा दिल्याशिवाय रिपोर्ट छापत नाही. पहाटे चार वाजता दुसरा माणूस शोधताना ताई मला काय काय म्हणत असतील याची मला कल्पना आहे.

रात्री का, तर मेंदूमृत दात्याचं बहुधा रात्रीच ठरतं. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांनी, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू नक्की करायचा असतो. नातेवाईक हो म्हणाले की रक्त निघतं आणि प्रयोगशाळेत येतं. प्रतीक्षायादीतल्या वरच्या काही जणांना एकदमच बोलावतात. ते उपाशीपोटी, बॅग भरून, गावाहून गाडी करून येतात. पाच-सहा तासांत क्रॉसमॅच होतं. ज्याचं निगेटिव्ह आणि यादीत नंबर वर, तो आत. बाकीचे पहाटे घरी परततात. काही जण तीनतीनदा असे येऊन परत गेलेले आहेत. एका काकांनी जाताना रिपोर्टच्या खिडकीवर ताईंना विचारलं होतं, ‘ज्याला मिळालं त्याचं नीट झालं ना?’

इथे एक कामाची गोष्ट. यादीतल्या रुग्णाचं सीरम प्रयोगशाळेत गोठवून ठेवतात आणि ठरावीक काळाने ताजा नमुना मागवतात. मधल्या काळात रक्त चढवलं गेलं तर नवी प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. कुणाच्या घरी डायलिसिसचा पेशंट असेल तर रक्त चढवल्यावर प्रत्यारोपण केंद्राला कळवा. फोन करायला दोन मिनिटं लागतात.

प्रतिपिंडं तीन कारणांनी होतात: रक्त चढवणं, आधीचं प्रत्यारोपण आणि बाळंतपण. मुलाचे अर्धे एचएलए वडिलांचे असतात ना. नऊ महिने पोटात वाढवताना काही बायकांच्या शरीरात नवऱ्याच्याच एचएलएविरुद्ध प्रतिपिंडं बनतात. एरवी त्रास काहीच नाही. पण पुढे तिची मूत्रपिंडं गेली आणि नवरा द्यायला उभा राहिला, तर क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येऊ शकतं. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बायका जास्त आणि घेणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त. जो नवरा स्वतःहून पुढे येतो, त्यालाच कधी कधी हे ऐकावं लागतं.

असं एक जोडपं मी पाहिलं. बायकोचा गट एबी, नवऱ्याचा बी, म्हणजे रक्तगटाची अडचण नव्हती. दोन मुलं. सगळ्या तपासण्या झाल्या आणि क्रॉसमॅच आठ आलं. नवरा रिपोर्ट हातात धरून म्हणाला, ‘म्हणजे पोरं झाली म्हणून?’ ताईंनी मान हलवली आणि त्याला बसायला खुर्ची दिली.

यावर वाट आहे ती अदलाबदलीची. २०११ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात तिला जागा मिळाली. आपल्या माणसाला देता येत नाही अशा दोन जोड्यांनी एकमेकांच्या रुग्णांना द्यायचं. कागदावर सोपं वाटतं, पण पन्नास जोड्या असल्या की कोणाचं कोणाशी जमेल हे हाताने काढता येत नाही. हा माझ्या आवडीचा भाग. इंजिनिअरिंगला आलेखांचा सिद्धान्त शिकताना आम्ही सगळे कंटाळलो होतो. तो इथे वापरला जातो. अल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञाला २०१२ साली नोबेल मिळालं, ते अशाच जुळवाजुळवीच्या कामासाठी.

त्या जोडप्याला दीड वर्षाने दुसऱ्या शहरातले मायलेक सापडले. आई ए, मुलगा बी. आईचं मूत्रपिंड एबी गटाच्या या बाईला चालणार होतं, नवऱ्याचं त्या मुलाला. संगणकाने जोडी सुचवली, पण हो म्हणायचं काम ट्रेचं. दोन क्रॉसमॅच लावले. ताईंनी वाचलं: एक, एक, एक, एक. दुसऱ्या टेक्निशियनने वाचलं, तेच. मग समितीची परवानगी, आणि चारही शस्त्रक्रिया एकाच दिवशी एकाच वेळी. एका बाजूचं आधी झालं आणि दुसऱ्या बाजूचा दाता मागे फिरला तर काय, म्हणून ही रीत. तो मुलगा आता नोकरीवर आहे. बाई वर्षातून ठरल्या वेळी रक्त द्यायला येतात आणि ताईंसाठी खिडकीतून डिंकाचे लाडू सरकवतात.

ज्यांना मरणोत्तर अवयवदानाचा संकल्प करायचा आहे, त्यांना नॉटोच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक देऊन नोंद करता येते. नोंद केली तरी त्या वेळी घरच्यांना विचारलंच जातं, तेव्हा आज रात्री जेवताना घरी बोलून ठेवा. मधुमेह असला तर चालतं का, वय जास्त असेल तर काय, असे प्रश्न मला सकाळपासून चौघांनी विचारलेत. चहाच्या वेळी मी खिडकीजवळच्या टेबलाशी आहे, तिथे या.