माळ्यावरची यंत्रे आणि ओट्यावरची यंत्रे



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस, महागाईभत्ता आणि संप यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही बोलणार आहोत ते कुकर, मिक्सर आणि इस्त्री यांवर. विषय हलका वाटेल. पण जेथे श्रम आहेत तेथे कामगाराचा प्रश्न आहेच, आणि स्वयंपाकघराइतके नित्याचे श्रम कोणत्या कारखान्यात होतात?

आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. जे शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांच्या घरी. कधी वर्गणीसाठी, कधी तंटा मिटवायला, कधी लग्नकार्याला अशी शेकडो घरे आम्ही पाहिली. चहा होईपर्यंत माणूस काय करणार? आम्ही आधी ओटा पाहतो, मग माळा. ओट्यावर बहुधा तीच मंडळी भेटतात : कुकर आणि मिक्सर; इस्त्री कोपऱ्यात उभी. माळ्यावर मात्र खोक्यांची रांग. फळांचा रस काढणारे यंत्र, सँडविचचे यंत्र, कणीक मळण्यापासून भाजी चिरण्यापर्यंत सारे करू म्हणणारा फूड प्रोसेसर. बरीचशी आहेरात आलेली, काही सणाच्या सवलतीत घेतलेली.

असे का व्हावे? कुकरचेच पाहा. त्याचा मूळपुरुष डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला दाखविला. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळते आणि तेथेच थांबते. वाफ कोंडली की तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत चढते, आणि तासभर रटरटणारी तूरडाळ चार शिट्यांत मऊ होते. वेळ वाचतो, जळण वाचते, आणि वरण, भात, बटाटे एकाच भांड्यात एकावर एक शिजतात. त्याने आपल्या स्वयंपाकाची रीत ओळखली, म्हणून तो राहिला.

मिक्सरचेही तेच. परदेशी मिक्सर फळे आणि दूध घुसळायला ठीक होते. आपले खोबऱ्याचे वाटण, हळकुंड, भिजवलेली डाळ त्यांना झेपेना. सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने १९६० च्या दशकात 'सुमीत' मिक्सर केला तो भारतीय वाटणाचा विचार करून. पाट्यावर वाकून वाटण्याचे काम किती जड, ते ज्यांनी केले त्यांच्या खांद्यांना विचारा. वीज तरी किती लागते? ५०० वॅटचा मिक्सर १० मिनिटे चालला तर एका युनिटचा बारावा हिस्सा.

आता माळ्यावरच्या खोक्यांकडे वळू. आमच्या वस्तीतल्या एका मावशींना आम्ही विचारले, "मावशी, एवढे यंत्र आहे, मग विळीवर का चिरता?" त्या म्हणाल्या, "भाऊ, विळी घेतली तर एक विळी धुवायची. ते यंत्र काढले तर भांडे, झाकण, पाते, चकती, सगळे धुवायचे. आणि धुवायचे कोणी?" जाहिरातीत यंत्र चालताना दिसते, धुताना कधी दिसत नाही. या एका वाक्यात मावशींनी सगळे अर्थशास्त्र सांगून टाकले.

म्हणजे रोज वापरले तेच उपयोगी, असेही नव्हे. पुरणयंत्र वर्षातून दोन-चार वेळाच खाली उतरते. पण होळीच्या दिवशी त्याच्याशिवाय चालत नाही. ते विजेवाचून चालते आणि सासूकडून सुनेकडे जाते. ज्याला आपले काम ठाऊक आहे, त्याने वर्षभर माळ्यावर विश्रांती घ्यावी, आमची हरकत नाही.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. मिक्सरचे कार्बन झिजले, कपलर तुटला, कुकरचे रबर सैल झाले, इस्त्रीची वायर जळली, तर कोपऱ्यावरचा कारागीर थोडक्या पैशांत काम करून देतो. ज्याचा सुटा भाग मिळत नाही ते यंत्र पहिल्या आजारातच दगावते. म्हणून विकत घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारा : याने कोणते जड काम हलके होईल? हे धुवायला किती वेळ लागेल? आणि बिघडले तर आमच्या गल्लीत कोण नीट करील?

पण चौथा प्रश्न दुकानदाराला विचारता येत नाही, तो घरात विचारावा लागतो. वाचलेला वेळ गेला कोठे? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात २०१९ मध्ये दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती. २०२४ मध्ये २८९. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७ वरून ८८ झाली. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे कमी झाली, आणि पुरुषानेही आपली नऊ मिनिटे काढून घेतली! कुकर आला तेव्हा डाळीचा वेळ वाचला. घराने लगेच दुसरी भाजी मागितली. इस्त्री आली, तेव्हा रोज कडक घडीचा सदरा लागू लागला. कारखान्यात नवे यंत्र आले की आम्ही मालकाला विचारतो, वाढलेल्या उत्पादनात कामगाराचा वाटा किती? घरी तो प्रश्न विचारताना आपली जीभ का अडखळते?

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. त्यांच्या झगड्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. त्याला १३० हून अधिक वर्षे झाली. त्या कामगाराच्या घरच्या बाईचा रविवार अजून लागलेला नाही. उलट त्या दिवशी सगळे घरी, म्हणून काम दुप्पट.

तेव्हा बंधूंनो, आमची मागणी साधी आहे आणि तिच्यासाठी मोर्चा नको. मिक्सरची कळ पुरुषाच्या बोटानेही दाबली जाते. कुकरच्या शिट्या पुरुषालाही मोजता येतात. येत्या रविवारी कुकर तुम्ही लावा, आणि भांडी घासूनच ओट्यापासून दूर व्हा. भगिनींनो, तेवढा वेळ तुम्ही दुसरे काम काढू नका. या व्याख्यानमालेत पुढच्या रांगेत येऊन बसा.