दोन कार्डं आहेत, पण दुसरं जागं आहे का?

आज आपण रत्नागिरी जिल्ह्यातच आहोत, पण समुद्रावर नाही, डोंगराच्या पोटात. चिपळूण तालुक्यातलं पोफळी. कोयनेचं पाणी सह्याद्रीतल्या बोगद्यांतून इकडे उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि शेवटी वाशिष्ठीला मिळतं. कोयनेचे सगळे टप्पे मिळून क्षमता १९६० मेगावॉट, आणि चौथ्या टप्प्यात एकेक मशीन २५० मेगावॉटचं.

आता सांगा, पाण्यानं रोटर फिरला की झाली वीज तयार? नाही ना! रोटरच्या गुंडाळीत डीसी करंट सोडला, तरच तो चुंबक होतो. हेच एक्सायटेशन. करंट किती सोडायचा ते ठरवतो एव्हीआर, म्हणजे ऑटोमॅटिक व्होल्टेज रेग्युलेटर. उघडून बघितलं तर आत काही सर्किट बोर्ड. तुमच्या राउटरमध्ये असतात त्याच जातीचे.

ते कार्ड गेलं तर? चुंबक संपला, पण टर्बाइन फिरतंच आहे. मग जनरेटर ग्रिडला रिॲक्टिव्ह पॉवर द्यायची सोडून उलट तिच्याकडूनच ओढायला लागतो आणि रोटर तापतो. शेवटी लॉस ऑफ फील्ड रिले मशीन ट्रिप करतो.

म्हणून अशा मोठ्या मशिनला सहसा दोन चॅनल देतात. दुसरा चॅनल म्हणजे डिकीतली स्टेपनी नव्हे हं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारी बसलेल्या मास्तरांचा पाय कसा दुसऱ्या पेडलवर असतो, तसा. पहिला चॅनल काय करतोय ते तो सतत जुळवून घेत असतो, त्यामुळे बदल होताना व्होल्टेजला धक्का बसत नाही.

पण गोम इथेच आहे. कार्डं दोन आणि पॉवर सप्लाय एकच, असं असेल तर? किंवा दोघांनाही व्होल्टेज दाखवणारा पीटी एकच? त्याचा फ्यूज उडाला की एव्हीआरला वाटतं व्होल्टेज पडलं, आणि तो करंट वाढवतच सुटतो. कार्ड अगदी धडधाकट, बातमी खोटी! म्हणून प्रत्येक चॅनलला वेगळा पीटी आणि वेगळा सप्लाय हवा, आणि फ्यूज गेल्याचं ओळखून चॅनल बदलायची सोय हवी.

त्यात आपलं कोकण. पावसाळ्यातली ओल दोन्ही कार्डांना एकदमच लागते. एकाच वेळी बसवलेली असतील तर कपॅसिटरही एकाच वयाचे. कार्डावर कोटिंग हवं, आणि मशीन बंद असताना पॅनलमधला हीटर चालू हवा. हे काम दिसायला फालतू, पण माझ्या मते नव्या कार्डाइतकंच मोलाचं.

आणि टेस्टिंग? ‘चालतंय ना, मग हात कशाला लावता?’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. पॅनलवर ‘स्टँडबाय रेडी’चा हिरवा दिवा लागलाय एवढ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. ठरवून, कमी लोडवर, चॅनल बदलून बघायचा आणि व्होल्टेजचा आलेख जपून ठेवायचा. तुमच्यापैकी कुणी प्लांटवर ट्रेनी म्हणून गेलात तर पहिल्याच आठवड्यात विचारा: शेवटचं चेंजओव्हर कधी केलं होतं? तारीख लॉगबुकात सापडते का तेही बघा.

पुढच्या भागात फील्ड फ्लॅशिंग: सगळं बंद असताना पहिला करंट येतो कुठून?