नावेतल्या दोन बॅटऱ्या : एक इंजिनाची, एक दिव्याची



आज खत, बियाणं, फवारणी यांतलं काहीच सांगायचं नाही. आज बोलायचं आहे नावेतल्या बॅटरीबद्दल. तुम्ही म्हणाल, शेतकी खात्याच्या माणसाचा आणि नावेचा संबंध काय? ज्याचं घर एका काठाला आणि ऊस दुसऱ्या काठाला, त्याला विचारा. तो सांगेल संबंध काय ते.

मी हे पुण्याच्या शनिवार पेठेत बसून लिहितो आहे. इथे ओंकारेश्वराच्या देवळाखालून मुठा वाहते. पुढे संगमावर तिला मुळा मिळते, मग ती भीमेत जाते आणि भीमेचं पाणी जाऊन थांबतं उजनीच्या धरणात. म्हणजे या पेठेच्या काठावरून गेलेलं पाणी शेवटी तुमच्याच फुगवट्यात येतं. या नदीचा रागही पेठेनं पाहिला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं तेव्हा शनिवार पेठेत घराघरांत पाणी शिरलं होतं. असो.

उजनीचा यशवंतसागर १९८० सालापासून भरतो आहे. सुमारे ११७ टीएमसीचा हा साठा. पाणी आलं, ऊस आला, केळी आली, पण जुने रस्ते बुडाले. इंदापूर आणि करमाळा समोरासमोर दिसतात, पण सडकेनं जायचं तर केवढा वळसा! म्हणून माणसं नावेनं जातात. पाणी ओसरलं की पंप आणि पाइप पाण्यामागे सरकवायचे, तेही नावेतूनच. दूध, चारा, क्वचित मोटारसायकलसुद्धा नावेत. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगाव आणि कळाशी यांच्यामध्ये वादळी वाऱ्यात नाव उलटली आणि सहा माणसं गेली. ती दुर्घटना बॅटरीमुळे झाली नव्हती, हे स्पष्ट सांगतो. पण भर पाण्यात वारा कसा अचानक उठतो, हे तिथून कळावं. अशा वेळी इंजिन बंद असेल आणि सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक्' होत असेल, तर नाव आडवी होऊन लाटेच्या हवाली होते. आजचा विषय त्या 'टक्'चा आहे.

हे 'टक्' कुठून येतं? नावेत बॅटरी एकच असते. तिच्यावर सेल्फ, तिच्यावर सर्चलाइट, तिच्यावर मोबाईलचं चार्जिंग, तिच्यावरच तळाचं पाणी उपसणारा छोटा पंप. काठावर पंपाची दुरुस्ती करायला इंजिन बंद करून दोन तास दिवा लावला, की बॅटरी उतरली. दिवा मंद का होईना जळत असतो, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण दिव्याला लागतो तीन-चार अँपिअर प्रवाह आणि सेल्फला लागतो शंभराच्या घरात, मोठ्या डिझेल इंजिनाला त्याहूनही जास्त. जिच्यात दिव्यापुरता दम आहे तिच्यात इंजिन फिरवण्याचा दम असतोच असं नाही.

उपाय जुना आहे, समुद्रावरच्या नावांत सर्रास असतो. बॅटऱ्या दोन ठेवायच्या. एक फक्त इंजिनाची. तिला दुसरं काम सांगायचं नाही, मोबाईलसुद्धा लावायचा नाही. दुसरी घरकामाची, म्हणजे दिवे, पंप, मोबाईल यांची. आपण बियाण्याचं धान्य वेगळ्या कणगीत ठेवतो आणि खायचं वेगळ्या. घरात कितीही ओढ असली तरी बियाण्याला हात लावत नाही. अगदी तसंच.

दोन्ही बॅटऱ्या सारख्या नसतात, हेही ध्यानात घ्या. इंजिनाच्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात. ती क्षणभर मोठा जोर देते, पण वरचेवर पूर्ण उतरवली तर लवकर मरते. घरकामाला जाड प्लेटांची किंवा ट्यूब्युलर बॅटरी चांगली. घरच्या इन्व्हर्टरला असते त्या जातीची, पण लहान. ती हळूहळू उतरणं सोसते. तरीसुद्धा निम्म्याच्या खाली नेऊ नये.

आता जोडणी. नीट ऐका, आणि वाचणाऱ्यांनी कागदावर चित्र काढत वाचा.

दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या. दोघींच्या ऋण टोकांना, म्हणजे काळ्या टोकांना, एका जाड केबलनं एकमेकींशी जोडायचं आणि तिथूनच इंजिनाच्या लोखंडाला अर्थ द्यायची. ऋण बाजू दोघींची एकच. धन बाजू मात्र वेगळी. इंजिनाच्या बॅटरीचं लाल टोक एका मोठ्या स्विचमधून सेल्फला. घरकामाच्या बॅटरीचं लाल टोक आधी फ्यूजमध्ये, मग स्विचमध्ये, मग छोट्या फ्यूजच्या पेटीत आणि तिथून एकेका दिव्याला व पंपाला. प्रत्येकाचा फ्यूज स्वतंत्र. दिव्याची वायर घासून शॉर्ट झाली तर पंप बंद पडता कामा नये.

इथे काही जण एक घोळ करतात. एकीचं लाल टोक दुसरीच्या काळ्या टोकाला जोडून देतात. मग ती दोन बॅटऱ्यांची माळ होते आणि होतात २४ व्होल्ट. दिवे एका झटक्यात जातात. ट्रकला ते चालतं, कारण ट्रकचं सामानच २४ व्होल्टचं असतं. आपल्याला नको.

आता खरा प्रश्न असा, की इंजिनावरचा अल्टरनेटर एकच, तर दोन्ही बॅटऱ्या चार्ज कशा व्हायच्या? त्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, हातानं फिरवायचा स्विच. त्याच्यावर १, २, दोन्ही आणि बंद अशा खुणा असतात. स्वस्त आणि टिकाऊ, पण आठवण ठेवणाऱ्या माणसासाठी. 'दोन्ही'वर ठेवून विसरलात तर दोन्ही बॅटऱ्या एकदमच उतरणार आणि केलेला खर्च पाण्यात. शिवाय इंजिन चालू असताना तो स्विच 'बंद'वर नेला, तर अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. दुसरा मार्ग डायोडचा. त्यात विसरण्याची भानगड नाही, पण साध्या डायोडमध्ये अर्धा-पाऊण व्होल्ट खर्ची पडतो आणि बॅटरी कधी पुरती भरत नाही. तिसरा मार्ग व्होल्टेज ओळखणाऱ्या रिलेचा. इंजिन सुरू झालं, पहिल्या बॅटरीचं व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं, की हा रिले आपोआप दोन्ही लाल टोकं जोडतो. इंजिन बंद झालं, व्होल्टेज १२.८ च्या आसपास उतरलं, की तोडतो. माझं मत विचाराल तर हाच घ्या. संध्याकाळी दमलेल्या माणसाच्या आठवणीवर बॅटरी सोपवू नये.

रिलेची क्षमता अल्टरनेटरच्या अँपिअरपेक्षा कमी नको. दोन लाल टोकांमधली ही केबल जाड हवी, १६ चौरस मिलिमीटरची असली तर ६० अँपिअरचा फ्यूज चालेल. हा फ्यूज या केबलच्या दोन्ही टोकांना लागतो, एका नव्हे. कारण केबलच्या दोन्ही बाजूंना बॅटरी आहे, विस्तव दोन्हीकडून येऊ शकतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवा. फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधल्या वायरला कोणी राखणदार नसतो, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. आणि फ्यूज उडाला म्हणून तांब्याची तार गुंडाळू नका. घरच्या मीटरवर करता ते इथे केलंत तर पेटलेल्या नावेतून उडी मारायला चहूकडे पाणीच आहे.

याखेरीज एक साधा स्विच दोन लाल टोकांमध्ये अडीअडचणीसाठी ठेवा, एरवी कायम बंद. इंजिनाची बॅटरी कधी दगा देऊन बसली, तर तो जोडून घरकामाच्या बॅटरीवर सेल्फ मारता येतो. इंजिन लागलं की लगेच तोडायचा. इथे सेल्फचा प्रवाह जाणार, म्हणून हा स्विच आणि त्याची केबल सेल्फच्या केबलइतकीच दणकट लागते.

तळाचं पाणी उपसणारा पंप आणि त्याचा तरंगणारा स्विच मात्र मोठ्या स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजमधून थेट घरकामाच्या बॅटरीवर घ्या. रात्री नाव काठाला बांधून सगळं बंद करून तुम्ही घरी गेलात आणि पाऊस आला, तर पंपानं आपलं आपण चालू व्हायला हवं.

वायरीच्या जाडीकडे आपले लोक दुर्लक्ष करतात. घरात २३० व्होल्टला चालणारी बारीक वायर १२ व्होल्टला चालत नाही. हिशोब करून दाखवतो. बॅटरीपासून दिवा सहा मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर वायर. प्रवाह १० अँपिअर. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घातली तर वाटेतच ०.८४ व्होल्ट संपतात, म्हणजे शेकडा ७. सहा चौरस मिलिमीटरची घातली तर ०.३५, म्हणजे शेकडा ३. लांबच्या शेताला बारीक पाइप टाकला की पाण्याचा जोर कमी होतो, तसंच हे. वायर बारीक तारांची, लवचीक घ्या. कथिलाचा मुलामा दिलेली मिळाली तर उत्तम, ओलाव्यात ती हिरवी पडत नाही. टोकाला लग दाबून बसवा. नुसते पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेले जोड नावेच्या हादऱ्यांनी सहा महिन्यांत सुटतात.

आता जमाखर्च. सर्चलाइट ४० वॉटचा धरला तर सव्वातीन अँपिअर, दोन छोटे दिवे आणि मोबाईल मिळून दीड-पावणेदोन. म्हणजे पाच. तीन तास चालवले तर १५ अँपिअर-तास गेले. बॅटरी ६० ची असेल तर त्यातले निम्मे, म्हणजे ३०, वापरायचे. दोन रात्री निघाल्या. आता भरणा किती? लहान पेट्रोल इंजिनाचं चार्जिंग बहुधा पाच-सहा अँपिअरच असतं, काहींना तर चार्जिंगची सोयच नसते. घेण्याआधी विचारा. तासभर इंजिन चालवून सहा मिळवायचे आणि १५ खर्चायचे, तर ही उधारी दोन-तीन दिवसांत दारात उभी राहते. अशा नावेवर ५० वॉटचं सौर पॅनेल लावावं. भर उन्हात तीनएक अँपिअर, दिवसाकाठी १२ ते १५ अँपिअर-तास मिळतात. पॅनेल थेट बॅटरीला जोडू नये, मध्ये चार्ज कंट्रोलर घालावा.

बॅटऱ्या ठेवायच्या कुठे? झाकणाच्या प्लॅस्टिक पेटीत, पट्ट्यानं आवळून, नावेच्या मध्याजवळ आणि तळाशी साचणाऱ्या पाण्याच्या वर. चार्ज होताना पाण्याच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो हलका आणि स्फोटक. म्हणून झाकणाला हवा जायला वाट हवी आणि जवळ विडी-काडी नको. पेट्रोलच्या टाकीजवळ बॅटरी, स्विच किंवा रिले मुळीच नको, तिथे ठिणगी पडते. जोडताना लाल टोक आधी, काळं शेवटी. काढताना काळं आधी. हा क्रम मोडला आणि पाना इंजिनाच्या लोखंडाला टेकला, तर पानाच वितळतो. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. टोकांना व्हॅसलीन लावा, आम्ल सांडलं तर खाण्याच्या सोड्याचं पाणी ओता.

तपासणीला पंधरा दिवसांतून दहा मिनिटं पुरतात. इंजिन बंद करून काही तास गेल्यावर मीटर लावा. १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे रिकामी. मग इंजिन चालू करून पहिल्या आणि दुसऱ्या बॅटरीवर आळीपाळीनं मीटर धरा. दोन्हीकडे साडेतेराच्या वर दिसलं तर रिले काम करतो आहे. पहिलीवर १४ आणि दुसरीवर १२.३ दिसलं तर मधला फ्यूज आधी बघा. नवी बॅटरी आणावी लागेल अशी धास्ती बहुतेक वेळा फ्यूजपाशीच मिटते. प्लेटांच्या वर डिस्टिल्ड वॉटर हवं, विहिरीचं पाणी नको. आपल्या भागातल्या पाण्यात क्षार किती, हे ठिबकच्या नळ्या तुम्हाला सांगतातच.

ट्रॅक्टरची जुनी बॅटरी दुसरी म्हणून चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. थोडे दिवस चालेल, पण 'दोन्ही' जोडल्या की जुनी ती नवीचं ओढून घेते. लिथियमची बॅटरी हलकी आणि चांगली आहे, पण तिचा चार्जिंगचा रिवाज वेगळा. साध्या रिलेवर ती शिशाच्या बॅटरीशी जोडू नये, मध्ये त्यासाठीचा वेगळा चार्जर लागतो.

सामानासाठी पुण्याला आलात तर शनिवारवाड्याकडून अप्पा बळवंत चौकातून पुढे बुधवार पेठेत शिरा आणि तपकीर गल्ली विचारा. केबल, लग, फ्यूज, स्विच, मीटर हे सगळं त्या भागात मिळतं. येण्याआधी बॅटरीपासून प्रत्येक वस्तूपर्यंतचं अंतर दोरीनं मोजून, दुप्पट करून, कागदावर लिहून आणा. "नाव साधारण एवढी आहे" असं हातानं दाखवून दुकानदाराला केबल कळत नाही. रिले घेताना तो कितीला जोडतो आणि कितीला तोडतो, हे त्याच्या माहितीपत्रकात बघून घ्या. वायरमनला हा कागद दाखवा आणि काम पुरं झाल्यावर पहिली चाचणी काठाला नाव बांधूनच करा. दिवे लावून ठेवा, घरकामाची बॅटरी निम्म्यावर येऊ द्या, मग सेल्फ मारा. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं पाहिजे. लाइफ जॅकेट आणि वल्ही मात्र दोन बॅटऱ्या असल्या तरी नावेतच राहू द्या.