संगणकाचे दान आणि दात्याच्या अटी
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



आपल्या अभ्यासिकेला दहा संगणक आणि इंटरनेट देण्याची तयारी एका कंपनीच्या सेवाभावी संस्थेने दाखविली आहे. तरुण मंडळी खूश आहेत, आणि का नसावीत? शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, सगळे आता संगणकावर. पैसेवाल्याच्या पोराला ते घरबसल्या मिळते, आपली पोरे दुकानात रांग लावतात. ही दरी बुजली पाहिजे यात दुमत नाही. मला बोलायचे आहे ते बुजवणाऱ्याबद्दल.

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर भारतात एक योजना आणली. नाव ‘इंटरनेट डॉट ओआरजी’. हे ‘ओआरजी’ शेपूट सहसा सेवाभावी संस्थांच्या नावामागे असते, म्हणून ऐकणाऱ्याला वाटावे की हा धर्मादाय दवाखानाच! पुढे तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. गरिबाला इंटरनेट फुकट, असे सांगितले गेले. महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याची कहाणीही वर्तमानपत्रात आली. प्रत्यक्षात फुकट होती ती निवडक संकेतस्थळे. त्यात फेसबुक होतेच, आणि इतरांनी कोणत्या नियमांनी आत यायचे तेही फेसबुकच ठरवी. म्हणजे श्रीमंताला सबंध ग्रंथालय आणि गरिबाला दात्याने निवडलेले एक कपाट! तरुण स्वयंसेवकांनी याविरुद्ध देशभर रान उठविले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘ट्राय’ने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास बंदी केली. योजना इथून गेली.

अनाथपिंडिकाने जेतवन विकत घेऊन संघाला दिले. जमिनीवर नाणी अंथरली म्हणतात. पण भिक्खूंनी कोणता उपदेश करावा, अशी अट त्याने घातली नाही.

म्हणून कंपनीला हाकलून द्या, असे मी म्हणत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. तेव्हा हात पसरून, मान खाली घालून घेण्याचे आपल्याला कारण नाही. विचारून घ्या!

करारनाम्याचा मसुदा मी वाचला. प्रत्येक मुलाचे नाव, वय आणि पालकांचा मोबाईल नंबर कंपनीला द्यायचा आहे. तो कशासाठी? अभ्यासाचे ॲप त्यांचेच वापरायचे. दुरुस्ती एक वर्ष, नंतर काय ते लिहिलेले नाही. भिंतीवरच्या पाटीचे माप मात्र इंचात दिले आहे! पाटी लागू द्या बापडी. पण नंबर द्यायचे नाहीत, इंटरनेट सगळे उघडे हवे, आणि दुरुस्ती किमान तीन वर्षे. या तीन गोष्टी लेखी आल्याशिवाय समितीने सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर मसुदा सर्वांसमोर वाचला जाईल. आयाबायांनी मुद्दाम यावे, कारण नंबर त्यांचेच आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!